कोर्लईची कार्मेल माता : साध्या दिवशी जाऊन बसण्याची जागा

वाडीवरची
१४ जुलै, रात्री ९:१०

परवा १६ जुलै, कार्मेल मातेचा सण. त्या निमित्तानं बरेच दिवस मनात असलेलं लिहिते.

माझं माहेर चौलचं. आता राहते ठाण्यात. वर्षातून दोन-तीनदा अलिबागला उतरून मुरूडची एसटी धरते. रेवदंडा मागे पडतं, कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडला की साळाव, आणि पुढे थोड्या अंतरावर कोर्लई. इथे उतरणारे बहुतेक जण किल्ल्यासाठी नाहीतर दीपगृहासाठी येतात. मी गावातल्या माउंट कार्मेलच्या चर्चमध्ये जाते. अर्धा-पाऊण तास बसते, एक मेणबत्ती लावते आणि परत फिरते. घरात कुणी आजारी नसतं, नवस बोललेला नसतो, मागायचं काही नसतं. सासूबाईंनी एकदा विचारलं, "आपल्याकडे देवळं कमी आहेत का गं?" त्या रागावल्या नव्हत्या, त्यांना खरंच कळत नव्हतं. तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही, ते आज लिहून बघते.

सुरुवात आईपासून. माझा धाकटा भाऊ चार वर्षांचा असताना त्याचा ताप हटेना. दोन दिवस उतरायचा, परत चढायचा. अलिबागला खेपा चालू होत्या, औषधं चालू होती. रेवदंड्याच्या बाजारात कोर्लईच्या एक बाई भाजी घेऊन बसायच्या, आईची त्यांच्याशी ओळख. त्यांनी आईचा चेहरा पाहिला आणि म्हणाल्या, "माउलीकडं ये गो. एक बत्ती लाव." पूल झाला नव्हता, खाडी ओलांडायला 'तर' म्हणजे होडी होती. आई भावाला कडेवर घेऊन तरीनं पलीकडे गेली आणि पुढे चालत. मी सहा वर्षांची, तिचा पदर धरून मागे.

आत गेल्यावर आईला काय करायचं ते कळेना. वाजवायला घंटा नाही, प्रदक्षिणा नाही, हातावर तीर्थ नाही. ती नुसती उभी राहिली. त्या बाईंनी तिला हाताला धरून बाकावर बसवलं. म्हणाल्या, "काय बोलाचं ते बोल. नाय बोललीस तरी चालंल." आणि आई रडली. आमचं चौदा माणसांचं घर. त्या घरात आईला रडायला कोपरा नव्हता हे मला खूप उशिरा, माझं स्वतःचं लग्न झाल्यावर कळलं.

भाऊ पुढे बरा झाला. कशानं, याचा हिशोब आईनं कधी मांडला नाही. औषध डॉक्टरनं दिलं आणि धीर माउलीनं, एवढंच ती सांगते. पण त्यानंतर ती जात राहिली. गाभाऱ्यासमोर रांग नाही, मागून ढकलणारं कुणी नाही, "चला पुढे" म्हणणारं कुणी नाही. आमच्या चौलला दत्तजयंतीची मोठी जत्रा भरते, डोंगरावर पायऱ्या चढून लोक जातात, ते मला प्रिय आहेच, जत्रेतला गजर अंगात भिनलेला आहे. पण माणसाला कधीकधी गजराचा देव हवा असतो आणि कधीकधी बाकाशेजारी येऊन बसणारा.

आता त्या जागेबद्दल. चौल-रेवदंड्याला पोर्तुगीज स्थिरावले ते निजामशाहीच्या परवानगीनं, १५२१ पासून. समोरचा कोर्लईचा डोंगर त्यांनी निजामशहाकडून घेतला तो १५९४ साली. रेवदंड्याच्या कोटात नारळ-सुपारीच्या वाड्यांमधून फिरलात तर चर्चच्या पडक्या भिंती जागोजागी दिसतात, आणि तो उंच मनोरा, ज्याला आम्ही सातखणी म्हणतो, तोही त्यांचाच. कोर्लईच्या किल्ल्यावरही एका चर्चचे अवशेष आहेत. १७४० मध्ये हा सगळा मुलूख मराठ्यांकडे आला आणि पोर्तुगीज निघून गेले. गेले ते दरवाज्यांवरच्या राजचिन्हांचे मालक. खाली गावातले शेतकरी कुठे जाणार? ते राहिले. भाजीपाला पिकवत, प्रार्थना करत, आणि आपली एक वेगळी बोली बोलत. पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिसळणीतून झालेली ती बोली आजही तिथल्या घरांत आहे. तिला तिथले लोक 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. बोलणारी माणसं हजाराच्या आसपास असतील. भाषाशास्त्रज्ञ लांबून तिचा अभ्यास करायला आले. पावणेतीनशे वर्षं ना राजाश्रय, ना ती बोली शिकवणारी शाळा, आणि तरी बोली आणि भक्ती दोन्ही टिकली. मी त्या बाकावर बसते तेव्हा मला हे जाणवतं. ही जागा दगडाविटांनी उभी राहिली असेल, पण टिकली ती रोज येऊन बसणाऱ्यांमुळे.

शांत म्हणजे नि:शब्द नव्हे बरं का. बाहेर कोंबड्या असतात, कुणाच्या तरी घरात भांडी वाजतात, पोरं खेळतात, दुपारच्या भरतीचा वारा येतो. त्या आवाजात बसायला बरं वाटतं.

इथे कुणी अशा जागांवर जातं का? मोठ्या यात्रेच्या नाही, गावातल्या. आणि मी हिंदू असून जाते, तर काही पाळायला हवं ते माझ्याकडून चुकत असेल, तर तेही कुणी सांगा. इतक्या वर्षांत विचारायचं राहूनच गेलं.


पांढरा_कांदा
१४ जुलै, रात्री १०:०२

ताई, सुंदर लिहिलंत. आम्ही अलिबागचे. कोर्लईला दहा वेळा गेलो असेन, दर वेळी सरळ किल्ल्यावर. चर्चच्या दारातून आत डोकावलोही नाही.


निर्मळ_फाटा
१४ जुलै, रात्री ११:२५

वाडीवरची ताई, मी वसईचा कॅथलिक. तुमच्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर देतो, कारण तो प्रश्न आजवर मला फार थोड्यांनी विचारला आहे. बहुतेक लोक एकतर आत येतच नाहीत, नाहीतर येऊन फोटो काढून जातात.

तुमचं काही चुकलेलं नाही. येऊन बसणं हीच तर मुख्य गोष्ट. तरी काही बारकावे सांगतो.

वेदीजवळ एक लहान लाल दिवा सतत जळत असतो. तो दिसला की समजायचं, जवळच्या पेटीत पवित्र साक्रामेंत, म्हणजे पवित्र केलेली भाकर, ठेवलेलं आहे, म्हणजे आमच्या श्रद्धेनुसार प्रभू तिथे प्रत्यक्ष आहे. आम्ही त्या दिशेला एक गुडघा टेकतो. तुम्ही नमस्कार केलात, नुसती मान लववलीत तरी पुरे. दारात पाण्याचं भांडं असतं, त्यात बोट बुडवून आम्ही क्रुसाची खूण करतो. तुम्ही नाही केलीत तर कुणी काही म्हणणार नाही. मिस्सा, म्हणजे आमची सामुदायिक उपासना, चालू असेल तर बसून राहा, सगळे उठतील तेव्हा उठा. फक्त कम्युनियनच्या रांगेत उभं राहायचं नाही. तो प्रसाद वाटण्यासारखा प्रकार दिसतो, म्हणून पुष्कळ हिंदू मित्र प्रेमानं हात पुढे करतात, पण ते आमच्या दीक्षा घेतलेल्यांसाठीच असतं. तेवढं सांभाळा. बाकी मेणबत्ती, हार, फुलं, सगळं चालतं. झेंडू चालतो, अबोली चालते, मोगरा तर फारच.

चपलेचा प्रश्न पुढे कुणीतरी विचारेलच, म्हणून आधीच सांगतो. पायात ठेवून आत गेलं तर वावगं नाही. पण आमच्या आजीच्या पिढीतल्या बायका दाराशीच काढायच्या. आपण आजूबाजूला पाहावं आणि तसं करावं.

अजून एक. आमच्याकडे जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात. "रविवारी देवळात भेटू" म्हणजे चर्चमध्ये. वाडीवरची ताईंच्या सासूबाईंना सांगा, की आपल्याकडे देवळं कमी नाहीत, त्यातलंच हे एक आहे.

मोठ्या देवळांइतकेच मला आमच्या गावांतले क्रूस महत्त्वाचे वाटतात. वसईत नाक्यानाक्यावर, शेताच्या बांधावर, विहिरीपाशी क्रूस उभे आहेत. मे महिन्यात संध्याकाळी आळीतली माणसं क्रुसापाशी जमून माळेची प्रार्थना करतात. मे आणि ऑक्टोबर हे मरीयामातेचे महिने. पूर्वी या प्रार्थनेला बसलेल्या बायकांच्या हातात ओल्या मातीचा वास असायचा, कारण त्या मळ्यातून थेट आलेल्या असायच्या. आता मळे कमी झाले, क्रुसाच्या चारी बाजूंना इमारती आल्या, रस्ता रुंद करताना कितीतरी क्रूस मागे सरकवावे लागले. तरी एखाद्या वाडीत अजून तसा क्रूस सापडतो. संध्याकाळी सात वाजता तिथे पाच म्हाताऱ्या आणि दोन नातवंडं बसलेली असतात. मला विचाराल तर हीच आमची खरी यात्रा.


गडवाट
१५ जुलै, सकाळी ७:४८

लेख भावनेनं लिहिलेला आहे, त्याचा आदर आहे. पण मला एक गोष्ट टोचते आणि ती मी इथे बोलणारच. पोर्तुगिजांनी या किनाऱ्यावर देवळं पाडली, धर्मांतरं केली, गोव्यात १५६० पासून धर्मसमीक्षण, म्हणजे इन्क्विझिशनचं धर्मन्यायालय, चालवलं. वसईच्या मोहिमेत आपली किती माणसं पडली! रेवदंडा, कोर्लई, वसई ही नावं घेताना मला ते आधी आठवतं. त्याचा उल्लेखच न करता 'शांत जागा' म्हणणं मला जमत नाही. कुणाला दुखवायचं नाही.


वाडीवरची
१५ जुलै, सकाळी ९:१५

गडवाट दादा, दुखावले नाही. तुम्ही म्हणता ते घडलेलं आहे, आणि मी चौलची असल्यामुळे ते लहानपणापासून ऐकलेलं आहे. मी ते वगळलं, कारण बाकावर बसल्यावर माझ्यासमोर व्हाइसरॉय नसतो, भाजीवाल्या बाई असतात. पण तुम्हाला ते आधी आठवतं हेही मला समजतं. दोन्ही खरं आहे.


निर्मळ_फाटा
१५ जुलै, सकाळी ११:४०

गडवाट, तुम्ही सरळ बोललात, म्हणून मीही सरळ बोलतो. तुम्ही सांगता तो इतिहास आमच्याही घरातला आहे. ज्यांच्यावर तो गुजरला, ते आमचे पूर्वज होते. लिस्बनहून आलेले लोक आमचे आजोबा-पणजोबा नव्हेत. आम्ही इथल्याच सामवेदी, वाडवळ, कोळी घरांतले. आमच्या लग्नातली गाणी, हळद, दागिने पाहा.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. युरोपीय पाद्री निघून गेले. तुमच्या म्हणण्याप्रमाणे ही परक्यांनी लादलेली गोष्टच असती, तर त्या दिवशी सगळं संपायला हवं होतं. संपलं नाही. देशी पाद्र्यांनी आणि गावकऱ्यांनी देवळं सांभाळली, आणि मराठ्यांच्या राज्यात आमची माणसं ख्रिस्ती म्हणूनच नांदली. मला हे दोन्ही बाजूंच्या मोठेपणाचं वाटतं.

आणि घंटांची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. वसईच्या विजयानंतर तिकडच्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळांना वाहिल्या. भीमाशंकरला आहे, तिच्यावर १७२९ साल आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर आहे, तिच्यावर मरीयामाता आणि बाळ येशू कोरलेले आहेत. मी मेणवलीला गेलो तेव्हा त्या घंटेखाली बराच वेळ उभा होतो. जिंकून नेलेली वस्तू आहे, मान्य. पण नेणाऱ्यानं ती वितळवली नाही, देवासमोर टांगली, आणि तिच्यावरची माउली तशीच राहू दिली. तिथे मला पराभवाचं काही वाटलं नाही. हात जोडले आणि नमो मरीया म्हटलं, ते कृष्णेच्या काठी.


गडवाट
१५ जुलै, दुपारी १२:३०

मेणवलीची घंटा पाहिली आहे. तिच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. पूर्वजांबद्दलचं तुमचं म्हणणं पटलं. देशी पाद्र्यांबद्दल वाचतो.


मढची_पोर
१५ जुलै, दुपारी ३:०५

आम्ही कोळी. आमच्यात मोतमाउलीला, म्हणजे माउंट मेरीला, मानत नाही असं घर नसेल. बांद्र्याचं मोतमाउलीचं देऊळ, ८ सप्टेंबरला मरीयामातेचा वाढदिवस आणि पुढे आठवडाभर जत्रा. आताची इमारत १९०४ ची, पण मूर्ती कोळ्यांना समुद्रात सापडली ही गोष्ट आमच्या घरात आजीपासून आजीकडे आलेली आहे. तिथे पायऱ्यांपाशी मेणाचे अवयव मिळतात. हात दुखतो तर मेणाचा हात, पाय दुखतो तर पाय, मूल हवं तर मेणाचं बाळ, घर हवं तर घर. बोटीसाठी बोटसुद्धा वाहतात. माझ्या आईनं बाबांच्या डोळ्यांसाठी मेणाचे डोळे वाहिले होते, ते मी तळहातावर धरून चढले होते. उन्हानं मऊ झाले होते आणि मला भीती, आपल्या हातात वितळले तर बाबांचं काय होईल.

पण ताई म्हणतात तशी शांतता हवी तर जत्रेत नको. आमच्या इथे एरंगळला या. समुद्राला लागून सेंट बोनाव्हेंचरचं जुनं चर्च आहे, सोळाव्या शतकातलं. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी तिथे सण असतो. ईस्ट इंडियन (म्हणजे मुंबईचे मूळचे कॅथलिक), कोळी, हिंदू, सगळे दिवसभर येतात, वाळूवर चुली मांडून जेवतात. तो दिवस आनंदाचा आहे, जरूर या. आणि मग पावसाळा सरल्यावर एखाद्या मंगळवारी परत या. भिंतीला पाठ टेकून बसा. समोर समुद्र, पाठीशी देऊळ. आमच्या बायका बाजार करून येताना पाटी खाली ठेवून दोन मिनिटं हात जोडतात आणि जातात. पाटीत मासे असतात, वास असतो, कुणी म्हणत नाही की आत येऊ नका. मला याचं फार अप्रूप आहे. कुठे कुठे आम्हाला पाटी बाहेर ठेवायला सांगितलेलं आहे.


खुरसाकडचो
१५ जुलै, रात्री ८:२०

मी सावंतवाडी बाजूचो. वाचून खूप बरा वाटला.

आमच्याकडे क्रुसाला खुरीस म्हणतात आणि चर्चला इगर्ज. मे महिन्यात वाडीवाडीत खुरसाकडे लादिन असते. म्हणजे सुरात म्हटलेली मातेची आळवणी, जुन्या लॅटिन शब्दांची. अर्थ सगळ्यांना येतो असं नाही, पण सूर येतो. व्हायोलिन वाजवणारं कुणीतरी गावात निघतंच. लादिन संपली की उकडलेले चणे वाटतात, हिंदू शेजारी चण्याला थांबतात आणि आम्ही त्यांच्या नामसप्ताहात प्रसादाला थांबतो. कोणी कोणाला आमंत्रण देत नाही, कारण ते गृहीत आहे.

इथली पुष्कळ ख्रिस्ती घरं मूळची गोव्यातली. गडवाटांनी धर्मसमीक्षणाचं लिहिलं म्हणून सांगतो. त्या जाचातून आणि करांच्या ओझ्यातून जे गोवा सोडून निघाले, त्यांत ख्रिस्तीही होते. सावंतांच्या मुलखात त्यांना आसरा मिळाला. आमच्या घरात हे उपकार म्हणून सांगितलं जातं.

सावंतवाडीचं मिलाग्रीसचं चर्च आता सिंधुदुर्ग धर्मप्रांताचं मुख्य मंदिर आहे, हा धर्मप्रांत २००५ साली झाला. मिलाग्रीस म्हणजे चमत्कारांची माता. गोव्यात म्हापशालाही मिलाग्रीस सायबीण, म्हणजे माता, आहे, तिचं फेस्त (सण) ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी. शिरगावची लईराई देवी आणि ही सायबीण बहिणी, सात बहिणींपैकी, असं दोन्हीकडचे लोक मानतात. लईराईकडून तेल येतं, इकडून मोगरीची फुलं जातात. बहिणीबहिणीत देणंघेणं असतंच. फेस्ताला तेल घालायला आलेल्यांची ही गर्दी असते, त्यात कोण कुठल्या धर्माचा हे शोधूनही कळणार नाही.


पांढरा_कांदा
१५ जुलै, रात्री ९:५०

विषय निघालाच आहे तर आमच्या तालुक्यातली अजून एक जागा. अलिबागजवळ खंडाळ्याला एक खडक आहे. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, आपले शनिवार तेली, मानतात की एलियाहू हन्नवी, त्यांचा संदेष्टा, तिथून रथासह स्वर्गात गेला, आणि खडकावर रथाच्या चाकांच्या खुणा आहेत. मलिदा करून नवस फेडायला इस्रायलमध्ये स्थायिक झालेली कुटुंबंसुद्धा येतात. एरवी तिथे झाडं आणि खडक. विषय कॅथलिक जागांचा आहे हे ठाऊक आहे, पण चौलचं दत्ताचं देऊळ, कोर्लईची माता, रेवदंड्याचं सिनेगॉग आणि हा खडक, सगळं एका दिवसाच्या फेरीत बसतं.


नवखा_प्रवासी
१६ जुलै, सकाळी ८:०५

आज सण आहे ना! सगळ्यांना शुभेच्छा.

मला आईला घेऊन कोर्लईला जायचं आहे. वय ७४, गुडघे दुखतात. गाडी जवळ जाते का? चर्च बंद असेल तर? आणि 'कार्मेल' म्हणजे काय?


निर्मळ_फाटा
१६ जुलै, सकाळी १०:३०

कार्मेल हा पवित्र भूमीतला डोंगर, आताच्या इस्रायलमध्ये, समुद्राला लागून. एलिया संदेष्ट्याचा, म्हणजे त्याच एलियाहूचा डोंगर. (पांढरा कांदा, पाहिलंत? तुमच्या खंडाळ्याच्या खडकाचा आणि कोर्लईच्या मातेचा असा संबंध लागतो. मला काल वाचताना अंगावर काटा आला.) तिथे एकांतात राहणाऱ्या तपस्व्यांपासून कार्मेलाइट संघ निघाला. १२५१ साली सायमन स्टॉक यांना मातेनं दर्शन देऊन लोकरी वस्त्र दिलं अशी श्रद्धा आहे. म्हणून भाविक तपकिरी कापडाचे दोन छोटे चौकोन दोऱ्यात गुंफून गळ्यात घालतात, एक छातीवर, एक पाठीवर. समुद्रावरच्या लोकांची ही माता. जगभरच्या कोळ्यांच्या, खलाशांच्या बंदरांत तिची देवळं आहेत. डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी समुद्र, कोर्लईलाही तेच आहे.


वाडीवरची
१६ जुलै, दुपारी २:००

प्रवासी दादा, चर्च गावात आहे, डोंगर चढायचा नाही. किल्ल्यावर मात्र आईंना नेऊ नका. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याच्या लाँच बंद असतात, तेव्हा पेण-वडखळवरून रस्त्यानं या. दार लावलेलं दिसलं तर शेजारच्या घरात हळू विचारा. उघडून दिलं तर ठीक, नाही दिलं तर बाहेर बसा. तिथली माणसं दुपारी झोपलेली असतात, पहाटे मळ्यात गेलेली असतात.

निर्मळ फाटा दादा, तुमचं उत्तर मी वहीत उतरवून घेतलं. लाल दिव्याचा अर्थ मला पन्नास वर्षांत कुणी सांगितला नव्हता. मला वाटायचं आपल्या नंदादीपासारखा असेल.


कोर्लईची_लेक
१६ जुलै, रात्री १०:१५

मी या ठिकाणी वाचतेच फक्त, लिहीत नाही. आज लिहिते.

मी कोर्लईची, नोकरीसाठी मुंबईत. घरात आम्ही नौ लिंग बोलतो. शाळा मराठी, मिस्सा मराठी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर सगळीकडे लॅटिन जाऊन लोकांच्या भाषेत मिस्सा आली, तशी आमच्याकडे मराठी आली. म्हणजे रागावायचं एका भाषेत आणि देवाकडे क्षमा मागायची दुसऱ्या. दोन्ही आमच्याच.

वाडीवरची ताई, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल आभार मानायचे आहेत आणि एक सांगायचं आहे. आमच्याकडे लोक येतात ते आम्हाला बघायला येतात. "पोर्तुगीज बोलून दाखवा ना" म्हणून माझ्या वडिलांसमोर मोबाइल धरतात. वडील भिडेनं काहीतरी बोलतात. मिस्सा चालू असताना मधल्या वाटेनं चालत येऊन व्हिडिओ काढलेला मी पाहिला आहे, तोही आमच्या घरातल्या एका मयताच्या मिस्साला. मला त्या मुलांचा राग आला नव्हता. त्यांना ही जुनी वास्तू वाटली, आत माणसं आहेत हे दिसलंच नाही. म्हणून तुमचा धागा खूप ठिकाणी पाठवला जाईल याची मला थोडी धास्ती आहे. या, नक्की या. एका गाडीत मावतील तेवढेच या. ड्रोन आणू नका.

आणि ताई, रेवदंड्याच्या बाजारात भाजी घेऊन आमच्या घरातल्या बायकाही बसायच्या. आजी पाटी डोक्यावर घेऊन पहाटे तरीला उभी असायची. त्या बाई कोण असतील ते आता कळणार नाही. पण "नाय बोललीस तरी चालंल" हे वाक्य मी आमच्या आजीच्या तोंडून अगदी असंच ऐकलेलं आहे. ती ते सगळ्यांना म्हणायची. मला परीक्षेच्या आदल्या रात्री म्हणाली होती.


गडवाट
१६ जुलै, रात्री ११:००

लेक ताई, मी पुढच्या महिन्यात किल्ल्यावर जाणार होतो. आधी खाली येईन. मोबाइल गाडीत ठेवून.


वाडीवरची
१९ जुलै, संध्याकाळी ६:३०

लेकीचा प्रतिसाद वाचून मला राहवलं नाही. १७ तारखेला पहाटेची एसटी पकडली. वडखळपासून पाऊस, रेवदंड्याला खाडी दिसेना इतका.

सणाचा दुसरा दिवस. आत तिघी होत्या, कालची फुलं काढत होत्या. मी नेहमीसारखी मागच्या बाकावर बसले, आणि या वेळी पहिल्यांदा लाल दिव्याकडे वळून नमस्कार केला. थोड्या वेळानं त्यांतल्या एक मावशी माझ्याजवळ आल्या. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकींना पाहून हसलेल्या, बोललो कधी नव्हतो. म्हणाल्या, "बसलीच हायस तर हात लाव." मी उठले. झेंडू भिजून जड झाले होते. हारांचे दोरे सोडवायचे, फुलं टोपलीत टाकायची, असं तासभर चाललं. त्या एकमेकींशी नौ लिंगमध्ये बोलत होत्या आणि माझ्याशी मराठीत. मी काही विचारलं नाही, बोलून दाखवा म्हटलं नाही. मध्येच एक शब्द ओळखीचा वाटला की त्या माझ्याकडे बघून हसायच्या. टोपल्या भरल्या तशा आम्ही त्या मागे नारळाच्या आळ्यात नेऊन ओतल्या.

लेक ताई, मावशींना मी तुमच्या आजीचं वाक्य सांगितलं. त्या म्हणाल्या, ते सगळ्याच म्हातार्‍या म्हणायच्या.

निघताना मेणबत्ती लावायला गेले तर काडेपेटी ओलसर झालेली, दोन काड्या वाया गेल्या. मावशींनी छत्री आडवी धरली. तिसऱ्या काडीला लागली. एसटीत बसून आईला फोन केला. तिला आता नीट ऐकू येत नाही, मी काय काय सांगत होते त्यातलं तिला कितपत कळलं कोण जाणे. सगळं ऐकून तिनं एवढंच विचारलं, "बत्ती लावलीस ना?"